पंप वाढवण्याआधी ब्रेक बघा



दसरा झाला, कारखान्याच्या बॉयलरची पूजा झाली आणि आमच्या भागातल्या पंपवाल्या फिटरांच्या दारात ट्रॅक्टरची रांग लागली. दरवर्षीचंच आहे हे. ऊस ओढायचा म्हणजे पंप वाढवायचा. पंपावरचा तो एक स्क्रू फिरवला की डिझेल जास्त जातं, धूर काळा येतो, आवाज बदलतो आणि ड्रायव्हरची कॉलर ताठ होते. त्या स्क्रूला कंपनी शिक्का मारून देते, तो काय उगीच मारत नाही. पण ते सांगायला गेलं की आपण जुन्या डोक्याचे ठरतो.

यंदा आमच्या घरातही हाच विषय निघाला. थोरला म्हणाला, "आबा, सगळ्यांनी पंप वाढवलाय. खिंडीत आपलीच गाडी मागं राहते. मागचे हॉर्न मारतात." ट्रॅक्टर पन्नास एचपीचा, मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही दोन चाकी. वारणेच्या काठचा ऊस, आणि कारखान्याच्या वाटेवर एक खिंड. या बाजूनं अर्धा किलोमीटर चढ, त्या बाजूनं तेवढाच उतार, आणि उतार संपतो तिथं वळण आणि एसटीचा थांबा. थांब्यावर सकाळी शाळेची पोरं उभी असतात. हे सगळं डोळ्यासमोर ठेवून पुढचं वाचा.

धाकटी डिप्लोमाला आहे, मेकॅनिकल. तिला म्हटलं, तू शिकतीस ना, मग हिशेब मांड. तिनं वहीचं मागचं पान काढलं. ट्रॅक्टर अडीच टन, रिकाम्या ट्रॉल्या दोन-दोन टन, ऊस 18 टन. झाले साडेचोवीस, आपण 24 धरू. आरसी बुकात किती लिहिलंय आणि काट्यावर किती येतं, हे तुम्हाला-मला दोघांनाही माहीत आहे, त्यावर पुढं बोलतो.

वीसला एक चढ, म्हणजे 20 मीटर पुढं गेलं की 1 मीटर वर. 24 टनाचा विसावा भाग 1.2 टन. एवढा भार फक्त चढ मागं ओढतो. वर चाकं फिरवायला डांबरीवर वजनाच्या दोन टक्के धरा, अर्धा टन. म्हणजे चाकांना 1.7 टनाची ओढ द्यायची आहे. पन्नास एचपीतले चाकापर्यंत 40 पोचतात असं धरलं तर या ओढीला वेग येतो ताशी साडेसहा किलोमीटर. 500 मीटरच्या चढाला साधारण 4 मिनिटं 40 सेकंद. आता पंप वाढवून चाकाला 5 एचपी जास्त मिळाले असं समजा. मग 4 मिनिटं 10 सेकंद.

वाचले 30 सेकंद.

थोरला वहीकडं बघत बसला. म्हणाला, "एवढंच?" एवढंच, बाबा. आणि त्या अर्ध्या मिनिटासाठी इंजिन आधी तापतं, हेड गॅस्केट धोक्यात, पिस्टन धोक्यात, क्लच प्लेट लवकर जाते, आणि क्राउन-पिनियनला जो झटका बसतो तो वेगळाच. हंगामाच्या मध्यावर गिअर बॉक्स उघडायची पाळी आली तर आठ दिवस गाडी उभी. टोळी फडात बसून, उचल दिलेली, आणि तोडलेला ऊस वाळतोय. खेपा किती बुडाल्या याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

इंजिनची ताकद वापरायची असेल तर आधी आहे ती तरी पूर्ण मिळते का ते बघा. पाचटाचा भुसा रेडिएटरच्या जाळीत बसतो, हवा आत जात नाही, गाडी तापते आणि आपण म्हणतो इंजिन दमलं. आम्ही रोज संध्याकाळी जाळी काढून आतल्या बाजूनं बाहेर हवा मारतो. एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल हंगामात आठवड्याला बघतो, धुळीच्या रस्त्यानं त्याचा चिखल होतो. फॅन बेल्ट बोटानं दाबून बघायचा. डिझेल फिल्टर वेळेवर बदलायचा. यात मोठा खर्च कशालाच नाही.

आता ओढीकडं येऊ, कारण इंजिनात ताकद असूनही चाक जागेवर फिरलं तर उपयोग काय? ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर स्वतःचा भार दीड टनाच्या आसपास. कोरड्या डांबरीवर त्यातून एक टनाची ओढ मिळते. लागते 1.7. बाकीची कुठून येते? हूकवर ट्रॉलीच्या दांडीचा जो भार पडतो त्यातून, टायरात भरलेल्या पाण्यातून आणि चाकाला लावलेल्या बिडाच्या वजनांतून. मागच्या एका टायरात दीडशे ते दोनशे लिटर पाणी बसतं, व्हॉल्व्ह वर करून त्याच्या पातळीपर्यंत भरायचं, वर हवेला जागा ठेवायची. पाणी आणि वजनं मिळून आमच्या गाडीला साडेचारशे किलो वाढले. शेतात मागच्या टायरात 12-14 पौंड हवा चालते, रस्त्यावर वजन ओढताना तीच ठेवली तर टायरची बाजू दुमडते, तिथं 18-20 लागते. तुमच्या टायरवर काय लिहिलंय ते बघून घ्या.

ट्रॉली भरताना मुकादमाच्या मागं उभं राहायला पाहिजे. मोळ्या मागच्या बाजूला जास्त रचल्या की दांडी हूकला वर उचलते, ट्रॅक्टरचं मागचं चाक हलकं होतं आणि गाडी शेपूट हलवायला लागते. पुढच्या बाजूला फारच भरल्या तर हूकवर एवढा भार येतो की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. दुहेरी जोडणीत आणखी एक गंमत आहे, ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मागच्या ट्रॉलीची दांडी पुढच्या ट्रॉलीच्या शेपटीवर बसते. म्हणजे ती पुढच्या ट्रॉलीची शेपटी दाबते आणि तिचं तोंड उचलते. म्हणून पुढची ट्रॉली थोडी पुढं भारी ठेवायची आणि मागची बेताची. आमच्याकडं मागच्या ट्रॉलीत मोळ्यांचा शेवटचा थर चढवतच नाही.

तोंड उचलण्याचं बोलायचं तर, चढावर ओढ लागली की पुढच्या चाकांवरचं वजन मागं जातं, हूकवरचा भार त्यात भर घालतो. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा पाचवा भाग तरी पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. त्यासाठी पुढं बंपरला बिडाची वजनं मिळतात, ती लावायची. आपल्याकडं वजनाच्या जागी दोन माणसं बंपरवर बसवतात. चढावर एखादा खड्डा लागला, माणूस घसरला, तर तो जाणार कुठं? पुढच्या चाकाखालीच. आमच्या गाडीवर हे चालत नाही, मग तोडणीवाला रागावला तरी चालेल.

आणि हूक जितका खाली तितका बरा. काहीजण मागच्या एक्सलच्या वर कुठंतरी साखळी अडकवून रुतलेली ट्रॉली ओढतात. ओढ वरून लागली की ट्रॅक्टर मागच्या चाकावर गोल फिरून पालथा होतो आणि ड्रायव्हरला उडी मारायलासुद्धा वेळ मिळत नाही. फडातून बाहेर काढताना दोन्ही ट्रॉल्या एकदम ओढायच्याच नाहीत. काळ्या ओलसर रानात चाकं फिरवायलाच वजनाच्या दहा टक्के किंवा जास्त ओढ लागते. एक-एक करून पाणंदीनं रस्त्यावर आणायची आणि तिथं जोडायची. वेळ जातो, जाऊ दे.

इथवर चढ झाला. आता उतार.

चढाला चूक झाली तर गाडी थांबते. उताराला झाली तर थांबत नाही. आपल्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. ट्रॉलीला बहुतेकांच्या काहीच नाही. म्हणजे 24 टन वजन अडीच टनाच्या गाडीच्या दोन चाकांनी धरायचं. धाकटीनं हाही हिशेब मांडला. ताशी 25 किलोमीटरनं चाललोय, समोर पोर आडवं आलं, ड्रायव्हरला समजून पाय पडायला एक सेकंद गेला. ब्रेक एकदम उत्तम, चाक घसरायच्या बेतात आलेलं, म्हणजे याहून जास्त धरूच शकत नाही. सपाटीला गाडी थांबते 35 मीटरवर. वीसला एक उतारावर 65 मीटरवर. आणि दहाला एक उतार असेल तर वजन जेवढं ढकलतं तेवढीच चाकाची पकड, गाडी थांबतच नाही म्हटलं तरी चालेल. हे कोरड्या रस्त्याचं. हंगामात रस्त्यावर पाचट सांडलेलं असतं, पहाटे त्यावर दव असतं.

ते 65 मीटर मी खिंडीत पावलांनी मोजले. वळणाच्या अलीकडच्या आंब्यापासून थांब्यापर्यंत जेमतेम 50 भरतात.

मग थोरल्याला म्हणलं, पंपाचे पैसे आणि वर अजून घाल, ट्रॉलीला हवेचे ब्रेक बसवू. तो काही लगेच तयार झाला नाही. "आबा, ब्रेकनं टनेज वाढतंय का?" असं विचारलं त्यानं. प्रश्न चुकीचा नाही. वाहतुकीचा पैसा टनावर आणि अंतरावर मिळतो, ब्रेकवर कोण देतो? दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी तोच फिटरकडं जाऊन विचारून आला. मागच्या हंगामात शेजारच्या गावचा एक ड्रायव्हर त्याच उतारावर गेला, थोरल्याच्या वयाचा, दोघं एकत्र क्रिकेट खेळायचे. डिझेल वाचावं म्हणून गाडी न्यूट्रल केली होती म्हणतात. त्यानं ते नाव घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

काम असं झालं. इंजिनवर छोटा कॉम्प्रेसर, बेल्टवर चालणारा. हवेची टाकी. ब्रेकच्या पायाला जोडलेला व्हॉल्व्ह. ट्रॉल्यांचे जुने एक्सल ब्रेक बसणारे नव्हते, ते बदलून ड्रमवाले घातले, खर्च तिथंच जास्त झाला. सगळं मिळून एका चांगल्या दुभत्या गाईची किंमत गेली. फिटरनं एका नळीची स्वस्त जोडणी सुचवली होती, पाय दाबला की हवा जाते आणि ब्रेक लागतो, एवढीच. मी नको म्हटलं. ती नळी उतारावर फुटली तर ट्रॉलीला ब्रेकच उरत नाही. दोन नळ्यांच्या जोडणीत एक नळी कायम भरलेली असते, ती तुटली किंवा ट्रॉली हूकमधून सुटली तर ट्रॉलीचे ब्रेक आपोआप लागतात. ट्रकला असतं तसंच. पैसे थोडे जास्त पडतात, पण पैसे कुठं वाचवायचे याला काही धरबंध पाहिजे की नको?

ट्रॉलीचे ब्रेक ट्रॅक्टरच्या किंचित आधी लागले पाहिजेत, हे बसवून घेताना बघा. ट्रॅक्टरचे आधी लागले तर मागचं वजन ढकलतं आणि गाडी मधेच घडी पडते, ट्रॅक्टर आडवा. आम्ही रिकाम्या गाडीवर, मग एका भरलेल्या ट्रॉलीवर, मग दोन्हींवर, असं सपाट रस्त्यावर करून बघितलं. टाकीच्या खालचा नळ रोज संध्याकाळी सोडायचा, हवेतलं पाणी साचतं. धाकटीच्या हिशेबानं आता तोच वीसला एक उतार 20 मीटरच्या आसपास थांबायला पाहिजे, ट्रॉलीची सगळी चाकं नीट धरत असतील तर. खिंडीत 18 टन भरून मी अजून तशी परीक्षा घेतलेली नाही, आणि घ्यायची इच्छाही नाही.

ज्यांना एवढा खर्च झेपणार नाही त्यांनी निदान फुकटचं तरी करा. ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल रस्त्यावर पट्टीनं एकत्र अडकवा. शेतात वळायला सुटे ठेवतो आणि तसेच रस्त्यावर येतो, मग घाबरून एकावरच पाय पडला की गाडी गरकन फिरते. चढाच्या पायथ्याला गिअर ठरवा, मधे बदलायला गेलात तर गाडी उभी राहते आणि मागं सरकते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, क्लचवर पाय ठेवू नका, न्यूट्रलचं तर नावच नको. हूकच्या पिनला खाली लॉक पाहिजे, खिळा किंवा तार नव्हे. पिन मधेच झिजून कमरेत बारीक झाली असेल तर ती बदलाच. आणि हूकशिवाय एक साखळी, दोन्ही ठिकाणी.

अजून एक. चढावर गाडी उभी राहिली की क्लीनर उतरून चाकामागं दगड लावतो. गाडी निघते, दगड तिथंच राहतो. रात्री मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही. आम्ही दोन लाकडी ठोकळे केलेत, त्यांना दोरी बांधून दोरीचं टोक ट्रॉलीला अडकवलंय. गाडी निघाली की ठोकळे आपोआप मागून फरफटत येतात, क्लीनरला वाकायचंही कष्ट नाहीत.

टेपबद्दल लिहिलं की पोरं चिडतात, तरी लिहितो. ट्रॅक्टरवर माणसाएवढे स्पीकर लावतात, मागची रुग्णवाहिका हॉर्न मारून थकली तरी ऐकू येत नाही. त्या टेपच्या पैशात मागच्या ट्रॉलीला लाल दिवे, दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर आणि चार चांगले टायर येतात. आमच्या थोरल्याचा टेप आहे, छोटा आहे. खिंडीत बंद असतो.

टनेजचं बोलतो म्हटलं होतं. ब्रेक बसवले म्हणून आम्ही वजन वाढवलेलं नाही. ट्रॉलीला नऊच्या वर जायचं नाही असं घरात ठरलंय. शेजारी अकरा भरतो आणि काट्यावर माझ्याकडं बघून हसतो. एका खेपेला चार टनाचा फरक म्हणजे पैसा आहे, नाही कशाला म्हणू. पण जास्त वजनात काही झालं तर विमावाले सगळ्यात आधी आरसी बुक उघडून बघतात, आणि एक्सलचे पाटे, हब, बेअरिंग, टायर हे सगळं जे महिनाभर आधी जातं त्याचं बिल तो काट्यावर दाखवत नाही. मी त्याला एकदा दोन्ही हंगामांचा टायरचा खर्च विचारला. म्हणाला, "लिहून कोण ठेवतंय."

मी लिहून ठेवतोय. यंदा पहिल्या दिवसापासून खेपा, टन, डिझेल, ब्रेकची दुरुस्ती, टायर, सगळं वहीत आहे. हंगाम संपला की इथंच टाकीन, म्हणजे ब्रेकचा खर्च किती हंगामात भरून निघतो ते तुम्हालाही दिसेल. नाही निघाला तर तसंही लिहीन.

सध्या मागच्या ट्रॉलीचा डावा ड्रम उजव्यापेक्षा जास्त गरम येतोय. खेप झाली की हात जवळ नेऊन बघतो. बुधवारी गाडी नंबरला उभी असेल तेव्हा फिटर येणार आहे, लायनर घासतंय की ॲडजस्टर आवळला गेलाय ते उघडल्यावर कळेल.